पेनड्राइव्ह फोटो नेण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीची लग्नं लागली की आमच्या धंद्यात गडबड सुरू होते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो सुरू केला, आता मी चालवते. अलीकडे ऑर्डर लिहून घेताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "ताई, अल्बम राहू दे, पेनड्राइव्हवर सगळं घालून द्या, तेवढं बास." मुलीच्या लग्नात हात सैल सोडणारी माणसं त्या लग्नाचे सगळे फोटो काही शे रुपयांच्या एका वस्तूत घेऊन जातात आणि ती वस्तू कपाटाच्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी ठेवतात. लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे राहिलं, असं त्यांना मनापासून वाटतं. तसं ते राहत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगणं आम्हा फोटोवाल्यांचं काम आहे. म्हणून हे पत्र.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येते ती, तबकडी नसलेली) ही तिन्ही एकाच जातीची. आतल्या चिपमध्ये अतिसूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात थोडा विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. त्या भाराची पातळी किती, यावरून यंत्र तुमच्या फोटोतलं एक-एक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान कण, वाचतं. हा भार हळूहळू झिरपत जातो आणि उष्णतेत अधिक लवकर झिरपतो. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट असायचं, म्हणजे भाराच्या दोनच पातळ्या ओळखायच्या. आता थोड्या जागेत जास्त माल मावावा म्हणून एका कप्प्यात तीन किंवा चार बिट बसवतात, म्हणजे पातळ्या आठ किंवा सोळा झाल्या. भार जरासा सरकला तरी वाचन चुकायला लागतं. या उद्योगाची जेडेक नावाची मानकं ठरवणारी संस्था आहे. घरगुती एसएसडीसाठी तिची अट अशी, की लिहिण्याची मर्यादा (चिपवर ठराविक वेळाच लिहिता येतं) पूर्ण वापरून झालेली एसएसडी वीज न देता ३० अंशांत ठेवली तर तिनं १ वर्ष डेटा धरला पाहिजे. कमी वापरलेली नवी वस्तू याहून बरीच जास्त टिकते, हे खरं. पण ही अट एसएसडीची आहे. पेनड्राइव्हच्या पाकिटावर किती जीबी ते ठळक छापलेलं असतं, आत कोणत्या दर्जाची चिप घातली आहे ते लिहिलेलं नसतं. आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत ३० अंश कुठले राहायला!

कोणती वस्तू कशी टिकते हे मी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून शिकले नाही. मला ते महापुरानं शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकून पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर शुक्रवार पेठ, दुधाळी, बापट कॅम्प, आंबेवाडी, चिखली अशा सगळीकडून लोक स्टुडिओत येऊ लागले. कुणाच्या हातात गाळानं माखलेला अल्बम, कुणाच्या पिशवीत सीडीची चवड, कुणी अख्खा कॉम्प्युटर पोत्यात घालून आणलेला. भांडीकुंडी, गाद्या, धान्य यांचं दुःख तर होतंच, पण फोटो समोर ठेवताना माणसं ज्या आवाजात बोलायची तो आवाज वेगळा होता.

आंबेवाडीच्या एक काकी पत्र्याची पेटी घेऊन आल्या होत्या. पेटीत मालकांचा, तालमीतल्या ऐन उमेदीतला, लांग कसून उभा राहिलेला काळा-पांढरा फोटो. वर गाळाचा थर, खाली दुसऱ्या फोटोला पाठ चिकटलेली. काकी तो नखानं सोडवायला निघाल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाण्यानं तो फुगून बुळबुळीत झालेला असताना ओढला तर चित्रासकट निघून येतो. वाळू दिला तर दोन फोटो एकजीव होतात, मग काही उपाय नाही. आबांचे डार्करूममधले जुने ट्रे माळ्यावरून खाली काढले. त्या दिवसांत नळाला पाणी नव्हतं, टँकरचं होतं, तेच ट्रेमध्ये घेतलं आणि दोन्ही फोटो तसेच पाण्याखाली ठेवले. पाणी बदलत राहिलो. दुपारी ते आपोआप सुटले. ओल्या कापसाच्या बोळ्यानं, न घासता, गाळ फक्त वाहवून दिला आणि फोटो चिमट्यानं दोरीवर टांगला. कडा थोड्या गेल्या, पण चेहरा, मिशी, मागची तालमीची भिंत, सगळं जागेवर होतं. काकी म्हणाल्या, "ह्येंचा ह्यो एकच हाय बघ." तो फोटो १९६० च्या आसपासचा असावा, कुण्या जुन्या स्टुडिओवाल्यानं हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुऊन काढला होता म्हणून इतकी वर्षं पिवळाही पडला नव्हता.

त्याच टेबलावर नव्या वस्तूही आल्या होत्या. जाड पानांचे बारा बाय छत्तीसचे लग्नाचे अल्बम पाणी पिऊन फुगले होते, पानं एकमेकांना धरून बसली होती, त्यांतले फार थोडे वाचले. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोंची शाई वाहून गेली होती. निगेटिव्ह मात्र धुऊन जवळजवळ सगळ्या मिळाल्या. पेनड्राइव्ह पाण्याला पुष्कळ टिकले, हेही प्रामाणिकपणे सांगते. स्वच्छ पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून लावल्यावर बरेचसे चालू झाले. त्यांचं दुखणं पाणी नाही, काळ आणि ऊन आहे. हार्ड डिस्कची गत वाईट. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. बहुतेकांनी ती घरीच वाळवून, चालते का बघायला वीज दिली होती. आत तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. गाळाचा एक कण मध्ये आला की तबकडी खरवडून निघते. वीज दिली नसती तर डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत निदान आशा होती. पुन्हा पूर येईल, २०२१ ला आलाच, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: भिजलेल्या हार्ड डिस्कला वीज देऊ नका आणि भिजलेले फोटो एकमेकांपासून ओढून काढू नका.

सीडी-डीव्हीडीनंही मला पुष्कळ शिकवलं. पुरातून आलेल्या डीव्हीडी धुऊन, मऊ कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसून बहुतेक चालू झाल्या. कोरड्या माळ्यावर, पत्र्याखाली ठेवलेल्या मात्र गेल्या. कारण घरी लिहिण्याच्या सीडी-डीव्हीडीत लेसर एका सेंद्रिय रंगाच्या थरावर खुणा करतो, आणि हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी उतरतो. सीडीत आणखी एक कमजोरी आहे. तिचा डेटाचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी पातळ लाखेखाली असतो. लोक चमकती बाजू जपतात आणि वर बॉलपेननं "पिंट्याचं बारसं" असं दाबून लिहितात. त्या दाबानंच बारसं पुसलं जातं. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळं ओरखड्याचं भय कमी. ज्यांच्या घरी २००५ ते २०१२ च्या दरम्यानच्या डिस्क आहेत त्यांनी त्या या महिन्यातच हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. एका ड्राइव्हवर वाचली नाही तर दुसऱ्यावर लावून पाहावी, खूपदा वाचते.

मग टिकाऊ काय? डिस्कच घ्यायची तर ब्लू-रे घ्या, पण पाकीट वाचून. ब्लू-रेमध्ये दोन प्रकार येतात, एचटीएल आणि एलटीएच. एलटीएचमध्ये पुन्हा तोच सेंद्रिय रंग आहे. एचटीएलमध्ये असेंद्रिय पदार्थाचा थर असतो, तो रंगापेक्षा कितीतरी स्थिर. याच विचारानं एम-डिस्क नावाच्या डिस्क निघाल्या. त्या हजार वर्षं टिकतील, असं कंपनी सांगते. हजार वर्षांचं मी काही बोलत नाही, मला नातवंडांपर्यंत पोचायचं आहे आणि तेवढ्यापुरता माझा या प्रकारावर विश्वास आहे. साध्या ब्लू-रेवर २५ जीबी मावतात, तीन थरांच्या डिस्कवर १०० जीबी. एकदा लिहिलं की पुसता येत नाही, व्हायरसला त्यात काही बदलता येत नाही, आणि वीज, चुंबक, धक्का यांचं भय नाही. उभी, डबीत, अंधारात ठेवायची. वर कागदी लेबल चिकटवायचं नाही.

अडचण ड्राइव्हची आहे. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नसते. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिण्याच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्क मिळतात, पण वारं कुठल्या दिशेनं आहे ते दिसतंच. म्हणून डिस्क करणाऱ्यानं यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह सोबत घेऊन ठेवावा, आणि एकट्या डिस्कवर भिस्त ठेवू नये.

रोजच्या कामाला मी हार्ड डिस्कच वापरते, आणि घरच्यांनाही तीच सांगते: दोन घ्या, वेगवेगळ्या कंपनीच्या घ्या. एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या जुळ्या डिस्क एकाच सुमाराला आजारी पडू शकतात. तीन-चार महिन्यांतून एकदा लावून तासभर चालू द्या, आणि पाचेक वर्षांनी चालत असली तरी नवीवर उतरवून घ्या. छायाचित्रकारांत तीन-दोन-एक असा नेम चालतो: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात. या शेवटच्या एकाला कोल्हापुरात फार अर्थ आहे. दुधाळीतल्या घरात तीन प्रती असल्या तरी पूर तिन्ही नेणार. माझी तिसरी प्रत साताऱ्याला बहिणीकडे असते. ती दिवाळीला येताना घेऊन येते, भाऊबीज झाली की नव्यानं भरलेली घेऊन जाते.

क्लाउडविषयी थोडक्यात सांगते. ती चौथी प्रत म्हणून चांगली आहे, एकमेव म्हणून नाही. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली, आता ईमेल धरून सगळं मिळून १५ जीबी फुकट. दोन वर्षं न उघडलेलं खातं ते काढून टाकू शकतात. घरातला कर्ता माणूस गेला आणि पासवर्ड कुणाला ठाऊक नाही, असं होऊन बसलेली दोन घरं माझ्या गल्लीतच आहेत. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो हा मूळ फोटो नसतो. तो लहान होऊन जातो, कधी आणि कशानं काढला ही आतली नोंदही निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

एक काम मात्र यंत्र करत नाही आणि वस्तू विकत घेऊन होत नाही, ते म्हणजे निवड. लग्नात आम्ही हजारो फोटो काढतो. मूळ रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या, फाइली धरल्या तर ७०-८० जीबी सहज होतात, व्हिडिओ वेगळाच. ते सगळं जपायला कुणाला जमत नाही, म्हणून कुणीच काही जपत नाही. त्यातले तीनशे फोटो निवडा. उत्तम दर्जाचा जेपीजी साधारण १० एमबी धरला तर तीनशेंचे ३ जीबी होतात, ते एका साध्या डीव्हीडीतही मावतात. जेपीजीच का, तर ते १९९२ पासूनचं प्रमाण आहे आणि जगातलं प्रत्येक यंत्र ते उघडतं. काही नव्या फोनचे हाइक (एचईआयसी) प्रकारचे फोटो जुन्या कॉम्प्युटरवर उघडताना आताच पंचाईत होते.

निवडलेल्यांना नावं द्या. "आयएमजी ४४७१" मध्ये कोण उभं आहे हे तीस वर्षांनी कुणी सांगायचं? फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग, माणसं घाला. सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: डावीकडून थोरली आत्या, मधे शिरोळचे मामा, असं. माझ्याकडे फाइल बिघडली का हे तपासायला एक फुकटची प्रणाली आहे. ती प्रत्येक फाइलचा एक आकडा काढून ठेवते, पुढं एक बिट जरी बदललं तरी आकडा जुळत नाही. बिघडलेली प्रत कळली की चांगली प्रत तिच्यावर लगेच टाकता येते. नाहीतर बिघडलेलीच प्रत आपण वर्षानुवर्षं नव्या डिस्कवर उतरवत राहतो.

आणि निदान पन्नास फोटो कागदावर काढा. लॅबमध्ये, चांगल्या फोटो पेपरवर. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लाल पडलेले सगळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळं कागदावर लोकांचा विश्वास नाही. पण आताचा कागद त्या मानानं बराच सुधारला आहे, आणि कागद बघायला ड्राइव्ह, पासवर्ड, चार्जर काही लागत नाही. काळा-पांढरा नीट धुतलेला फोटो साठेक वर्षांनी पुरातूनही वाचतो, हे मी आंबेवाडीच्या काकींसमोर पाहिलेलं आहे म्हणून ठासून सांगते.

आता घराबाहेरचं. हे आपलं गाव कॅमेऱ्याचं गाव आहे. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२९ मध्ये प्रभात इथंच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. आणि पेंटरांच्या मूकपटांतलं आज बघायला काय आहे? फार थोडं. ती फिल्म नायट्रेटची होती, पेट घ्यायची, सडून पीठ व्हायची. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये झालं, तोवर त्यातलं बहुतेक गेलं होतं. इतकी मोठी माणसं, इतकी मेहनत, आणि हातात पोस्टरं आणि आठवणी.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेली वास्तू. त्या रात्री झोप आली नाही, अर्धं कोल्हापूर जागं होतं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकजण जुने फोटो शोधू लागला. फोनवर फिरत होते ते चार-पाच वेळा पुढं ढकललेले, आकसलेले, ज्यांत छताचं लाकूड मोजायला जावं तर नुसते ठिपके. मी आबांच्या १२० च्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या रोलच्या, निगेटिव्ह काढल्या. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या. मुलं पुढं नाचताहेत, आणि मागं रंगमंचाची चौकट, वरचं लाकूडकाम, बाल्कनीचा कठडा सगळं स्वच्छ. स्कॅन केल्यावर कठड्याच्या नक्षीची पानं मोजता येतात. आबा त्या दिवशी मुलांचे फोटो काढायला गेले होते, वास्तूचा विचार त्यांच्या मनातही नसेल. त्या निगेटिव्ह त्यांनी बटर पेपरच्या पाकिटात, वर तारीख घालून, उभ्या ठेवल्या होत्या. आज पेठेपेठेत जी लग्नं, जे गणपती, तालमींचे जे मेळावे आम्ही टिपतो, त्यांच्या मागं कोणती भिंत आहे जी उद्या नसणार आहे, हे आज कुणाला माहीत?

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. बिलावर स्पष्ट लिहा, डेटा आमच्याकडे किती वर्षं राहील. मी पाच वर्षं लिहिते, आणि संपायच्या आधी फोन करते. पेनड्राइव्ह देताना "हे हार्ड डिस्कवर उतरवून घ्या" असं तोंडानं सांगा आणि चिठ्ठीही द्या. एखादा स्टुडिओ बंद करायची वेळ आली तर निगेटिव्ह भंगारात घालू नका. गेल्या काही वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत पोती भरून गेली आहेत.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावाची पुस्तकं जपतं आहे. शिवाजी विद्यापीठ आहे, महापालिका आहे. यांच्यापैकी कुणीतरी घरगुती फोटो आणि स्टुडिओंच्या निगेटिव्ह स्वीकारणारं, स्कॅन करून मूळ परत देणारं एक दालन सुरू करावं. संस्थेनं हार्ड डिस्कच्या पलीकडं जाऊन एलटीओ टेप, म्हणजे डेटा साठवायची चुंबकीय फीत, घ्यावी. नवव्या पिढीच्या एका कॅसेटवर १८ टीबी (१८ हजार जीबी) मावतात आणि नीट ठेवली तर तीसेक वर्षं ती टिकेल अशीच ती बनवलेली असते. तिचा ड्राइव्ह लाखांत जातो म्हणून घरी परवडत नाही, संस्थेला परवडतो. दर एक-दोन पिढ्यांनी नव्या टेपवर उतरवावं लागतं, कारण नवा ड्राइव्ह फार जुनी टेप वाचत नाही. त्या खर्चाची तरतूद पहिल्याच दिवशी करावी. आणि दालन पूररेषेच्या वर असावं, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. दर शनिवारी दुपारी मी तिथं येऊन फोटो धुण्याचं, स्कॅन करण्याचं काम विनामोबदला करायला तयार आहे. आबांचे ट्रे आणि एनलार्जरही (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र) देईन.

शेवटी आपल्यालाच एक विचारायचं आहे. आपल्या दैनिकाच्या छायाचित्रकारांनी कित्येक दशकं या शहराचे मोर्चे, महापूर, कुस्तीची मैदानं टिपली आहेत. रोलच्या काळातल्या त्या निगेटिव्ह आज कुठं आहेत, कोणत्या खोलीत, कशात? आणि डिजिटल झाल्यापासूनचे मूळ फोटो कशावर ठेवता? याचं उत्तर आपण याच सदरात छापावं, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली,
एक स्टुडिओचालक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर